चुंबकाचं तिथे काय काम?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. माझी मुलगी यंदा एम.एस्सी. झाली, ६८ टक्के मिळाले. शेवटच्या वर्षी सहा महिने एका लो टेम्परेचर लॅबमध्ये तिने प्रोजेक्ट केला आणि आता तिथेच पीएच.डी. करायची म्हणते. रात्री-अपरात्री घरी यायची तेव्हाच मला शंका आली होती. विषय असा : विद्युतरोधक स्फटिकांत अणूंच्या जाळीच्या कंपनांमधून उष्णता वाहते, तिच्यावर चुंबकीय क्षेत्राचा काय परिणाम होतो. मला हा विषयच पटत नाही. तिथे मुक्त इलेक्ट्रॉन नाहीत, कंपनांना विद्युतभार नाही, मग चुंबकाचं तिथे काय काम? तिला हे विचारलं तर म्हणाली, "बाबा, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, म्हणून तर मला हे करायचंय." असं उलट उत्तर! माझे कितीतरी विद्यार्थी डेटा सायन्समध्ये स्थिरावले आहेत. तिनेही सहा महिन्यांचा कोर्स केला की प्रश्न मिटेल. शेवटी तिला न सांगता मी तिच्या गाइडना फोन केला आणि तिला घेऊ नका अशी विनंती केली. त्याला बारा दिवस झाले, ती हट्टाने माझ्याशी बोलत नाही. तुम्ही तिला दोन शब्द समजावून सांगा.
– एक वडील

उत्तर : सर, सप्रेम नमस्कार.

तुम्ही शिक्षक म्हणून 'सर' म्हणते आहे, आणि शिक्षक आहात म्हणूनच आडपडदा न ठेवता लिहिते आहे. तुमच्या पत्रातल्या एकाच गोष्टीची मला काळजी वाटली. ६८ टक्क्यांची नाही, विषयाची तर नाहीच. त्या फोनची.

सहा महिने ती त्या लॅबमध्ये काम करत होती. तिथे ती कुणाची मुलगी म्हणून गेली नव्हती. क्रायोस्टॅट, म्हणजे अतिशीत तापमान राखणारं यंत्र, थंड करताना कुठे थांबायचं, केसाएवढ्या तारा नखाएवढ्या स्फटिकाला कशा चिकटवायच्या, बिघडलेलं मोजमाप पुन्हा पहिल्यापासून कसं लावायचं हे शिकलेली एक माणूस म्हणून तिने तिथे स्वतःची जागा केली होती. तुमच्या एका फोनने ती पुन्हा 'घरी विचारून ये' असं सांगावं लागणाऱ्या वयात गेली. गाइड कितीही समजूतदार असले तरी त्यांच्या मनात आता प्रश्न येणार : हिला घेतलं आणि दोन वर्षांनी घरून असाच फोन आला तर? पीएच.डी.च्या जागा मोजक्या असतात. एक जागा दिली की ती पाच-सहा वर्षांसाठी गेली, त्यामुळे हा विचार त्यांना करावाच लागतो. तुम्ही हे तिच्या भल्यासाठी केलंत यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तरीही तिचं यात नुकसान झालं असण्याची शक्यता आहे, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय पुढे लिहिणं मला जमणार नाही.

एक कल्पना करा. तुमच्या ३१ वर्षांत एखादे पालक मुलाला अंधारात ठेवून तुमच्याकडे आले असते आणि म्हणाले असते, "सर, याला प्रॅक्टिकलला बसवू नका, मी सांगितलं हे त्याला कळू देऊ नका." तुम्ही काय केलं असतंत? माझा अंदाज आहे, तुम्ही त्या मुलाला बोलावून घेतलं असतंत, त्याच्या बाजूने उभे राहिला असतात, आणि पालकांना दोन शब्द सुनावलेही असते. बारा दिवसांच्या अबोल्याला तुम्ही हट्ट म्हणता. मला तो हट्ट वाटत नाही. तिच्या पाठीमागे तिच्या आयुष्याचा निर्णय फिरवायचा प्रयत्न झाला आणि तो तिच्या सगळ्यात जवळच्या माणसाने केला. यावर काय बोलायचं ते तिला अजून सापडलेलं नाही.

आता ते 'उलट उत्तर'. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात तिचं स्वतःचं असं हे एकच वाक्य आहे, आणि ते मी तीनदा वाचलं. "तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, म्हणून तर मला हे करायचंय." सर, हे उलट उत्तर नाही. वडिलांनी घातलेला आक्षेप तिने ऐकून घेतला, त्यातलं भौतिकशास्त्र बरोबर आहे हे मान्य केलं, आणि प्रत्यक्षात जे दिसतं ते त्यात बसत नाही म्हणूनच तिथे जायचंय असं सांगितलं. करिअरचा सल्ला मागणारी शेकडो पत्रं मी वाचते. आपल्याला संशोधन का करायचं आहे हे इतक्या थोडक्यात आणि इतक्या नेमकेपणाने सांगणारी मुलं फार थोडी भेटतात.

मी स्वतः पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून मग या कामाकडे वळले. त्यामुळे तुमच्या आक्षेपावर बोलण्याचा मोह आवरत नाही.

आधी एक छोटा गैरसमज बाजूला करू. वीज वाहत नाही म्हणजे उष्णताही नीट वाहत नाही, असं शाळेपासून डोक्यात बसतं. कारण उदाहरणं नेहमी तांब्याची आणि लाकडाचीच असतात. हिरा विद्युतरोधक आहे. तरी खोलीच्या तापमानाला त्याची उष्णतावाहकता दर मीटर दर केल्विन २००० वॅटच्या घरात असते, तांब्याची ४०० च्या. तिथे उष्णता नेणारे इलेक्ट्रॉन नाहीतच. अणूंच्या जाळीतून लाटा धावतात, त्यांनाच आपण फोनॉन म्हणतो, आणि त्याच उष्णता नेतात. डिबाय या भौतिकशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये या कंपनांचा हिशेब मांडून घनपदार्थांची विशिष्ट उष्णता समजावली. या लाटा एकमेकींना अडवतात कशा, हे पायर्ल्सने १९२९ मध्ये सांगितलं. स्फटिक खूप शुद्ध असेल आणि खूप थंड केला, तर या लाटा वाटेत कशावरही न आपटता थेट त्याच्या कडेपर्यंत पोचतात. मग तो स्फटिक किती रुंद आहे यावरही त्याची वाहकता ठरायला लागते. मला ही गोष्ट विद्यार्थी असल्यापासून विलक्षण वाटत आली आहे. इथवर तुमचं-माझं कुठेच दुमत होणार नाही.

तुमचा खरा आक्षेप पुढचा आहे. १८७९ मध्ये हॉलने दाखवलं की प्रवाहाला आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं की वाहणारा विद्युतभार एका बाजूला ढकलला जातो. धातूंमध्ये उष्णताही अशीच बाजूला वळते, कारण ती नेणारे इलेक्ट्रॉन भारित असतात. फोनॉनला भार नाही. जाळी तर एकंदरीत उदासीन. मग ढकलायचं कुणाला? वर्गात हा प्रश्न मला कुणी विचारला असता तर मीही 'काहीही होणार नाही' असंच उत्तर दिलं असतं. आणि २००५ मध्ये स्ट्रोम, रिकेन आणि वायडर यांनी टर्बियम गॅलियम गार्नेट या पारदर्शक, विद्युतरोधक स्फटिकात ते करून पाहिलं. सुमारे ५ केल्विन (उणे २६८ अंश सेल्सिअस) तापमान, स्फटिकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी उष्णता, तिला काटकोनात चुंबकीय क्षेत्र. उष्णतेच्या वाटेच्या दोन बाजूंच्या कडांमध्ये तापमानाचा बारीकसा फरक आला. क्षेत्र उलटं केलं की फरकाचं चिन्हही उलटलं. दोन वर्षांनी दुसऱ्या गटाने, इन्युश्किन आणि ताल्देन्कोव्ह यांनी, तो पुन्हा मोजला. फरक अगदी इवलासा आहे, पण आहे.

कसा, याचं एक उत्तर असं. टर्बियमचे आयन, म्हणजे भारित अणू, स्वतःच छोटे चुंबक आहेत. त्यांच्या इलेक्ट्रॉनांच्या कक्षांचा आकार शेजारचे अणू कुठे आहेत त्यावर अवलंबून असतो. म्हणजे शेजारी हलला की आयनला ते कळतं. बाहेरचं क्षेत्र आयनला धरतं आणि आयन कंपनाला धरतो. शिवाय अणू नुसता पुढे-मागे हलत नाही, तो आपल्या जागेभोवती बारीक वर्तुळंही काढू शकतो, घड्याळाच्या दिशेने किंवा विरुद्ध. क्षेत्र नसताना दोन्ही दिशा सारख्या. क्षेत्र लावलं की आयनांमार्फत त्यांच्यात फरक पडू शकतो, किंवा अशुद्धींवर आपटणाऱ्या लाटा एका बाजूला जास्त उडतात. यातलं नेमकं काय घडतं यावरच वाद आहे. तुमचं म्हणणं इथे अर्धं बरोबर ठरतं : चुंबक फोनॉनला थेट ढकलत नाही. पण स्फटिकात फोनॉन एकटा नसतो.

हे इथेच संपलं असतं तर विषय छोटा राहिला असता. २०१९ मध्ये कॅनडातल्या शेरब्रूकच्या गटाने तांब्याच्या ऑक्साइडांवर आधारलेल्या अतिवाहकांच्या (विनारोध वीज वाहू देणाऱ्या पदार्थांच्या) कुळात उष्णता बाजूला वळण्याचा असाच परिणाम मोजला, तोही मोठा. त्या कुळातला जो मूळ पदार्थ विद्युतरोधक आहे, त्यातही तो मोठाच होता. पुढच्या वर्षी त्यांनी उष्णतेची दिशा बदलून पाहिली आणि बोट फोनॉनांकडे वळलं. २०२० मध्येच स्ट्रॉन्शियम टायटनेटमध्ये तो दिसला, आणि तिथे टर्बियमसारखा चुंबकीय आयन नाही. २०२३ मध्ये काळ्या फॉस्फरसमध्ये दिसला. तिथे तर एकाच मूलद्रव्याचे अणू, धन आयन नाहीत, ऋण आयन नाहीत, चुंबकत्व नाही. वर मी दिलेलं टर्बियमचं स्पष्टीकरण तिथे लागू पडत नाही. म्हणजे तुमचा आक्षेप पुन्हा नव्याने उभा राहतो : चुंबकाचं तिथे काय काम? सर, तुम्ही ज्या प्रश्नावर विषय मोडीत काढलात, त्यावर आजही शोधनिबंध लिहिले जात आहेत. तो प्रश्न तुम्ही स्वतःच्या बुद्धीने काढलात. मला त्याचं कौतुकच वाटलं.

'याचा उपयोग काय' हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मनात असणार. एक उपयोग शास्त्रातलाच आहे, आणि तो लहान नाही. २०१८ मध्ये क्योटोच्या गटाने रुथेनियम ट्रायक्लोराइड या स्फटिकात आडव्या वळणाऱ्या उष्णतेचं मोजमाप करून एका अगदी वेगळ्या प्रकारच्या कणांची खूण सापडल्याचं म्हटलं. क्वांटम संगणकाची स्वप्नं ज्यांच्यावर बांधली जातात, त्या जातीचे हे कण. जगभर खळबळ उडाली. पण उष्णता फोनॉनही आडवी वळवत असतील, तर त्या मोजमापात त्यांचा वाटा किती? तो वजा केल्याशिवाय खूण पक्की कशी मानायची? हा वाद वर्षानुवर्षं चालला. तो सोडवण्यासाठी फोनॉन एकटे असताना काय करतात हे नीट माहीत असलेली माणसं लागतात. तुमच्या मुलीला तशी माणूस व्हायचंय.

रात्री उशिरा येण्याबद्दलही सांगते, कारण तुम्ही त्यातून भलताच अर्थ काढलेला दिसतो. या मोजमापात स्फटिकाचं एक टोक थंड ठोकळ्याला चिकटवतात, दुसऱ्या टोकाला चिमुकला हीटर. उष्णतेच्या वाटेवर दोन थर्मामीटर, तिसरा समोरच्या कडेला. सगळं निर्वात जागेत, नाहीतर उष्णता हवेतून पळते. प्रत्येक वाचनाआधी तापमान स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं. दोन कडांचे थर्मामीटर अगदी समोरासमोर कधीच बसत नाहीत, त्यामुळे क्षेत्र नसतानाही खोटा फरक दिसतो. म्हणून प्रत्येक वाचन क्षेत्र एका दिशेने आणि मग उलट्या दिशेने घ्यायचं आणि एकातून दुसरं वजा करायचं. त्यात भर म्हणजे कित्येक थर्मामीटरांचं वाचन खुद्द चुंबकीय क्षेत्रामुळेच बदलतं, म्हणजे आधी त्यांचीच पारख क्षेत्रात करून घ्यायची. आणि जो फरक शोधायचा तो बरेचदा केल्विनच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून लहान. एकदा हीलियम भरून यंत्रणा थंड केली की मधेच उठून घरी येता येत नाही. ती रात्री तिथे होती, कारण स्फटिक तेव्हा थंड होता.

जेआरएफ, गेट, जेस्ट हे पीएच.डी.कडे नेणाऱ्या परीक्षांचे रस्ते तुम्हाला आणि तिला दोघांनाही माहीत आहेत, त्यावर शब्द घालवत नाही. आणि ६८ टक्क्यांवरही नाही. प्रयोगाच्या कामात सहा महिन्यांनंतर गाइडला विद्यार्थी कळलेला असतो, गुणपत्रिका मागे पडते.

मात्र मी तुम्हाला गोड चित्र दाखवून पाठवणार नाही. नेमक्या याच विषयावर आयुष्यभर काम करता येईल अशा प्राध्यापकीच्या जागा थोड्या आहेत. पीएच.डी.नंतर पोस्टडॉकची काही वर्षं, तीही बहुधा घरापासून लांब, आणि तरी खात्री नाही. तिच्या स्फटिकात काहीच वळत नाही असंही निघू शकतं. त्यावरही प्रबंध होतो, पण मन खचतं. दुसऱ्या बाजूने, ती जे हातात घेऊन बाहेर पडेल ते फुकट जाणारं नाही. निर्वात तंत्र, अतिशीत तापमान, गोंगाटातून बारीक संकेत वेगळा काढणं, यंत्रं चालवणारे प्रोग्राम स्वतः लिहिणं. क्वांटम संगणकावर काम करणाऱ्या लॅबना, एमआरआयचे अतिवाहक चुंबक बनवणाऱ्यांना, चिपमधली उष्णता बाहेर कशी काढायची यावर डोकं चालवणाऱ्यांना असे हात लागतात. आणि हो, डेटाच्या क्षेत्रातही. तिथे जायचं दार तिच्यासाठी पाच वर्षांनीही उघडं असेल. उलट दिशेने, नोकरीतून अशा लॅबमध्ये परत येणं फार अवघड जातं. सहा महिन्यांच्या कोर्सने प्रश्न मिटेल असं तुम्ही म्हणता, पण तो तुमच्या धाकधुकीचा प्रश्न आहे. तिला तो पडलेलाच नाही.

खरं तर विचारण्यासारखे प्रश्न वेगळे होते आणि ते तुमच्या पत्रात एकही नाही. त्या लॅबमधून आजवर किती जणांची पीएच.डी. पूर्ण झाली, किती वर्षांत? मध्येच सोडून गेलेले किती आणि का? चुंबक आणि क्रायोस्टॅट त्यांचा स्वतःचा आहे की इतरांबरोबर पाळी लावावी लागते? हीलियम नियमित मिळतो का? मोजमापाची यंत्रणा चालू स्थितीत आहे, की पहिली दोन-तीन वर्षं तिला ती उभारण्यातच घालवावी लागतील? स्फटिक कोण वाढवून देतं? गाइड विद्यार्थ्यांची नावं शोधनिबंधावर कोणत्या क्रमाने घालतात? पाच वर्षं चांगली जाणार की वाईट, हे बरंचसं या उत्तरांवर ठरतं. विषयाच्या नावावरून ते कळत नाही. यातल्या एखाद्या उत्तराने मी स्वतःसुद्धा तिला म्हणेन की विषय हाच ठेव, पण लॅब दुसरी बघ. हे प्रश्न तुमच्या मुलीने त्या लॅबमधल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारायचे आहेत, तुम्ही गाइडना नाही. सहा महिने तिथे राहिलेल्या मुलीला यातली निम्मी उत्तरं आत्ताच माहीत असतील. तुम्ही विचारलंत तर सांगेलही.

म्हणून, तिला समजावून सांगायची तुमची विनंती मी मान्य करणार नाही. तिने मला पत्र लिहिलेलं नाही. तिच्या वतीने तुम्ही आणि तुमच्या वतीने मी, असं आपण दोघांनी मिळून तिच्याशी बोलणं हा त्या फोनचाच दुसरा भाग होईल. तिला स्वतःला काही विचारावंसं वाटलं तर जरूर लिहू दे. तिला थेट उत्तर देईन आणि त्यात काय लिहिलं ते तुम्हाला कळवणार नाही.

तुम्ही मात्र दोन गोष्टी कराव्यात असं मला वाटतं. गाइडना पुन्हा संपर्क करायचा असेल तर आधी तिला विचारा. ती 'हो' म्हणाली तर दोन ओळींचा ईमेल पाठवा, की आधीची विनंती माझी होती, तिची नव्हती, आणि ती मी मागे घेतो. 'नको' म्हणाली तर तिथेच थांबा, ती स्वतः निस्तरेल. हा पहिला भाग.

दुसरा सोपा वाटेल, पण तुम्हाला जड जाईल. तिच्याकडे जा आणि फोन केला ही चूक झाली असं सांगा. 'तुझ्या काळजीपोटी' हे शब्द त्या वाक्यात घालू नका. ती लगेच बोलेल असं नाही. बोलायला लागली की विद्यार्थ्याला विचारता तसं नको, शिकायला बसल्यासारखं विचारा : सहा महिन्यांत क्षेत्र उलटं केल्यावर चिन्ह उलटलेलं तू स्वतः पाहिलंस का? कोणत्या स्फटिकात? आणि काळ्या फॉस्फरसमध्ये आयनच नाहीत, मग तिथे चुंबक नेमकं कुणाला धरतं?